मोकळी जमीन घरांसाठी लायक आहे का? जागेवर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मोजपट्टी

जमिनीचं क्षेत्रफळ कागदावर एक असतं आणि घरं बसतात ते क्षेत्रफळ वेगळंच असतं. हा धागा दुसऱ्या क्षेत्रफळाबद्दल. मालकी, आरक्षण, परवानग्या हे ठिकाणागणिक बदलतं, त्यामुळे ते इथे नको. कागद स्वच्छ आहेत असं धरून चालू.

क्रम महत्त्वाचा. ज्या तपासणीला काही लागत नाही पण जी जमीन एका झटक्यात बाद करू शकते, ती आधी. पोहोच रस्ता, पुराची रेषा, उच्चदाब वाहिनी, जमिनीचा जुना वापर. त्यानंतर खड्डे, मग लेव्हल (जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी) घेणे, आणि बोअर (माती तपासायला यंत्राने पाडलेलं खोल भोक) सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात उलटं होतं: मातीचा अहवाल हातात येतो आणि मग लक्षात येतं की आत ट्रकच वळत नाही.

आकड्यांत दाखवतो. २ हेक्टर म्हणजे २०,००० चौ.मी. एका कडेने १६० मीटर ओढा आहे, त्याला १५ मीटर सोडले: २,४०० गेले. वीजवाहिनीच्या पट्ट्याखाली १,१००. एका कोपऱ्यात २५ टक्क्यांहून जास्त उतार, तिथे १,५००. उरले १५,०००. त्यात मोकळी जागा १० टक्के (१,५००), अंतर्गत रस्ते २२ टक्के (३,३००), ट्रान्सफॉर्मर, टाकी, सांडपाणी यांना ३ टक्के (४५०). हाती राहिले ९,७५०. २५० चौ.मी.चे ३९ प्लॉट, आणि तिरके कोपरे वाया जातात म्हणून खरे ३६. विकणारा मात्र २०,००० भागिले २५० करून ८० सांगतो! टक्केवारी तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे बदला, पण वजाबाकी याच क्रमाने करा. ओढा आणि उतार आधी वजा, टक्केवारी नंतर.

जाणकारांनी आपापल्या विषयाची भर घालावी.

चढउतार

लेव्हलबद्दल लिहितो.

१० मीटरच्या चौकटीत लेव्हल घ्या. जिथे जमीन मोडते (बांध, चर, ओढ्याचा काठ) तिथे ५ मीटरवर. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) अर्ध्या मीटरच्या. आणि सर्वेक्षण हद्दीवर थांबवू नका, सगळीकडून २०-३० मीटर बाहेर जा. वरच्या शेजाऱ्याचं पाणी आणि खालच्या शेजाऱ्याची उंची कळली नाही तर नकाशा अर्धाच. सर्व्हेअरला कामाच्या यादीतच लिहून द्या: बाहेरच्या रस्त्याची मध्यरेषा, जवळच्या गटाराच्या मॅनहोलमधली पाइपच्या तळाची पातळी, ओढ्याचा तळ, मोरीचा (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेचा) तळ. ही चार नसतील तर पुढचा कुठलाही हिशेब करता येत नाही, आणि नेमकी तीच विसरली जातात.

उताराचा ढोबळ अंदाज: १ ते ५ टक्के सर्वांत सोयीचा. ५ ते १० मध्ये घरांचे चौथरे पायऱ्यापायऱ्यांनी येतात. १० ते १५ मध्ये धारक भिंती लागायला लागतात. १५ च्या वर प्रत्येक प्लॉटचा वेगळा हिशेब. २५ च्या वर घरांसाठी मोजूच नये. अंतर्गत रस्ता २० मीटरला १ मीटर चढला तर सुखाचा. १० ला १ फक्त थोड्या लांबीसाठी.

पण लोक उताराला घाबरतात आणि सपाट जमिनीवर भाळतात, ते मला पटत नाही. अर्ध्या टक्क्याहून कमी उताराची जमीन ही खरी डोकेदुखी. १५० मि.मी.ची सांडपाण्याची पाइप १०० ला १ उताराने टाकली आणि लांबी २०० मीटर असली तर २ मीटर उतार त्यातच गेला. जमीन अगदी सपाट असली तर सुरुवातीला ०.९ मीटर खोल असलेली पाइप शेवटी २.९ मीटरवर पोहोचते. बाहेरच्या मॅनहोलचा तळ २.२ वर असेल तर? पंप, पंपाला जनरेटर, आणि सोसायटीची जन्मभराची देखभाल. हीच जमीन १ टक्का योग्य दिशेने उतरत असती तर पाइप सगळीकडे ०.९ वरच राहिली असती.

नवीन_गडी

उत्तम धागा. एक अगदी प्राथमिक शंका. एक जागा बघतोय. मालक म्हणतात, पूर्वी खोलगट होती, आता दोन मीटर भरणी करून सपाट केली आहे, चार वर्षं झाली, "माती बसली". हे चांगलं समजायचं की वाईट? आणि प्लेट टेस्ट (प्लेटवर भार देऊन माती किती खचते ते बघतात ती) करून घेतली तर पुरेल का?

मुरूमवाला

नवीन_गडी, वाईट समजून सुरुवात करा. चांगलं असल्याचं सिद्ध करणं भरणी करणाऱ्याचं काम. विचारायचे प्रश्न तीन: काय भरलं, किती जाडीच्या थरांनी, आणि दाबल्याच्या नोंदी कुठे आहेत. नीट भरणी म्हणजे २०-२५ सें.मी. सुटे थर, पाणी मारून, रोलरने दाबून, प्रत्येक थराची घनता प्रॉक्टर चाचणीत (प्रयोगशाळेत तीच माती ठोकून) मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत तपासलेली. नोंदी नसतील तर ती भरणी पायासाठी नाहीच असं धरा. पाया खालच्या मूळ जमिनीवर जाईल, म्हणजे २ मीटर भरणी + अर्धा-एक मीटर.

"चार वर्षांत बसली" याला अर्थ नाही. सुटी भरणी स्वतःच्या वजनाने थोडी बसते, पण खरी खचते ती पहिल्यांदा नीट भिजल्यावर. घर झालं, पन्हळीचं पाणी पायाशी पडायला लागलं, एक पाइप गळली, की मग. त्यातही सगळी एकसारखी खचली तर घर वाचतं. अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरणीवर असेल तर बरोबर सांध्यावर भिंत चिरते. जुना खोलगट भाग नेमका कुठून कुठपर्यंत होता हे जुन्या उपग्रह चित्रांवरून काढा आणि त्याची कड आराखड्यावर आखा. एकही घर त्या कडेवर आडवं येऊ देऊ नका.

प्लेट टेस्ट पुरत नाही. प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या साधारण दीड-दोन पट खोलीपर्यंतच जाणवतो. ३० सें.मी.ची प्लेट तुम्हाला खालच्या ४५-६० सें.मी.बद्दल सांगते. वरचा थर रोलरने टणक केलेला असला की निकाल झकास येतो आणि खाली राखेचा ढीग असला तरी कळत नाही. दीड मीटर रुंदीच्या पायाचा दाब मात्र तीन मीटरपर्यंत जातो.

जेसीबीने खड्डे घ्या. हेक्टरी ४-५ तरी, शिवाय संशय असेल तिथे जादा, ३ मीटर खोल. प्रत्येकात नोंद: थराची जाडी, रंग, ओल, वास, पाणी कुठे पाझरलं, बाजू उभ्या राहिल्या की ढासळल्या. १.२ मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय कोणी उतरायचं नाही. माती काढायची ती बकेटनेच. भरणी ओळखायच्या खुणा: विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख, आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे खाली मुळं असलेला काळपट थर, ती मूळ जमिनीची पाठ. कचरा किंवा झाडपाला कुजल्याचा वास आला तर गॅसची तपासणी होईपर्यंत सौदा थांबवा. मिथेन फरशीखाली साचतो.

त्यानंतर बोअर आणि त्यात एसपीटी, म्हणजे नमुनानळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजणारी चाचणी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सें.मी.वरून पडतो, पहिले १५ सें.मी. सोडून पुढच्या ३० सें.मी.ला किती ठोके लागले तो एन आकडा. वाळूत १० च्या खाली सैल, ३० च्या वर घट्ट. चिकणमातीत ४ च्या खाली मऊ. भरणीत मात्र एनवर विसंबू नका, नमुनानळीखाली एखादा दगड आला की आकडा ५० दाखवतो आणि अर्ध्या मीटरवर पोकळी असते. अहवालात फक्त "सुरक्षित धारणक्षमता १५ टन" एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. किती खोलीवर, किती रुंदीच्या पायासाठी आणि किती मि.मी. खचणं धरून, हे तीन नसतील तर त्या १५ ला काही अर्थ नाही.

नवीन_गडी

बापरे. नोंदी अर्थातच नाहीत. मूळ जमीन काळी आहे असं आजूबाजूचे सांगतात. म्हणजे भरणी काढून टाकली तरी सुटका नाही?

मुरूमवाला

किती जाड आहे त्यावर. काळी माती एक-दीड मीटर आणि खाली मुरूम असेल तर काहीच बिघडत नाही, पाया मुरमात न्यायचा. चार-पाच मीटर काळी असेल तर हिशेब बदलतो. अशा मातीत ऋतूप्रमाणे ओल बदलण्याचा परिणाम साधारण साडेतीन मीटरपर्यंत जातो. त्याच्या वरचा भाग दर पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो.

फुगण्याची चाचणी सोपी आहे, प्रयोगशाळेतली सर्वांत स्वस्त. ओव्हनमध्ये वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली माती, १० ग्रॅमचे दोन भाग. १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत, एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढा, २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात २० मिली आणि रॉकेलमध्ये ११ मिली भरली तर फरक ९, भागिले ११, म्हणजे ८२ टक्के. ५० च्या आत सौम्य, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० तीव्र, त्याच्या वर अतितीव्र. नमुना एकाच खोलीचा घेऊ नका. १, २ आणि ३ मीटरचे वेगवेगळे द्या.

इथे एक गोष्ट उलटी आहे. अशा मातीत जड इमारतीपेक्षा हलकं बैठं घर जास्त तडकतं, कारण फुगण्याचा दाब त्याला उचलू शकतो. त्यामुळे "एकच मजला बांधायचा आहे, पाया साधा चालेल" हे काळ्या मातीत चुकतं. तळाशी बल्ब असलेले अंडररीम्ड पाइल (बल्ब दांड्याच्या अडीच पट व्यासाचा) साडेतीन मीटरच्या खाली न्यायचे, वर बीम टाकायचा, आणि बीमखाली मोकळी फट ठेवायची, म्हणजे फुगलेली माती बीमला टेकत नाही. ही फट कामगार हमखास भरून टाकतात. प्रत्येक घरामागे हा खर्च धरूनच जमिनीचा भाव ठरवा.

निचरा

सगळे जमिनीच्या पोटात शिरलेत, मी वरच्या पाण्याबद्दल बोलतो. कोणत्याही जमिनीला पहिला प्रश्न: पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं? दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर बोट दाखवून देता आलं नाही तर बाकी अहवाल मिटवून ठेवा.

हिशेब छोटा आहे. क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर तासाला मि.मी.मध्ये, आणि वाहून जाण्याचा गुणांक; तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागा, उत्तर सेकंदाला घनमीटर. मोजपट्टींची २ हेक्टर, ६० मि.मी. जोर, मोकळी असताना गुणांक ०.३: सेकंदाला १०० लिटर. छपरं, रस्ते, फरशा झाल्यावर ०.६: २०० लिटर. बाहेरची मोरी १०० वरच जेमतेम चालत असेल तर उरलेले १०० लिटर खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात जातात, आणि भांडण तिथून सुरू. तो जोर अर्धा तास टिकला तर जास्तीचं पाणी १८० घनमीटर होतं. ते अडवून हळूहळू सोडायला एक मीटर खोल तळं धरलं तर बाजूंच्या उतारासकट एक प्लॉट गेलाच. मोजपट्टी, तुमच्या वजाबाकीत हा नाही. ३६ नव्हे, ३५.

वरून येणारं पाणी या २ हेक्टरमध्ये मोजलेलंच नाही, हेही लक्षात असू द्या. पाणलोट हद्द ओळखत नाही. वर ८ हेक्टर टेकडी असेल आणि ती तुमच्या जमिनीतून उतरत असेल, तर तो प्रवाह तुमच्या पाण्याच्या काही पट असतो आणि त्याला वाट देणं भागच. बांध घालून अडवला की पहिल्या मोठ्या पावसात तो स्वतःची वाट काढतो, बहुधा कोणाच्या तरी दिवाणखान्यातून.

पुराबद्दल. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" ऐकून लोक निर्धास्त होतात. दर वर्षी एक टक्का शक्यता असा त्याचा अर्थ. तीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी तीस वर्षांत ७१ टक्के! घराचं आयुष्य तीस वर्षांहून जास्तच असतं. खुणा बघायच्या त्या झाडांच्या बुंध्यावर अडकलेला पालापाचोळा, कुंपणात गुंतलेल्या चिंध्या, जुन्या भिंतींवरची गाळाची रेघ. प्रत्येक खुणेची लेव्हल घ्या, नुसता फोटो नको.

सातबाजू

निचरा यांच्याशी सहमत, पण हे सगळं पावसाळ्यात बघायला मिळालं तर. जमिनी दाखवतात बहुतेक उन्हाळ्यात. तेव्हा काय करायचं?

निचरा

झाडोरा बघा. आजूबाजूचं गवत वाळलेलं आणि एकाच पट्ट्यात लव्हाळा किंवा पाणकणीस हिरवं, तर तिथे पाणी वर आहे. खड्ड्याच्या बाजूवर राखाडी-निळसर मातीत गंजासारखे तांबडे डाग दिसले तर त्या खोलीपर्यंत भूजल दर वर्षी चढतं-उतरतं, मग त्या दिवशी खड्डा कोरडा का असेना. शिवाय दोन-तीन बोअरमध्ये ५० मि.मी.ची भोकं पाडलेली पाइप ठेवून द्या, भोवती बारीक खडी, तोंडाला झाकण. सौदा लांबला तर पावसाळ्याअखेरचं मोजमाप फुकटात मिळतं. तळघर किंवा जमिनीखालची टाकी करायची असेल तर या मोजमापाशिवाय आराखडा काढूच नये. रिकामी टाकी भूजलाने उचलली जाते.

बाहेर गटार नसेल तर जमीन पाणी शोषते का तेही बघावं लागतं. १० ते ३० सें.मी. रुंद खड्डा, जितक्या खोल शोषण होणार तितका खोल. बाजू खरवडून घ्या, तळाशी ५ सें.मी. खडी, रात्रभर पाणी भरलेलं ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सें.मी. पाणी ठेवून दर अर्ध्या तासाने घट मोजा, पुन्हा भरा, चार तास. शेवटच्या अर्ध्या तासाची घट खरी. समजा २० मि.मी. उतरलं, तर २५ मि.मी.ला साडेसदतीस मिनिटं. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये झिरप चर, ६० च्या पुढे जमिनीत सोडायचा विचारच सोडा. रात्रभर न भिजवता केलेली चाचणी नेहमी चांगली येते, कारण कोरडी माती पहिल्यांदा अधाशासारखी पिते. असे अहवाल बरेच फिरतात. खड्डा कधी भरला आणि मोजायला कधी सुरुवात केली, या दोन वेळा अहवालात मागा.

खांबतारा

सेवांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ३५ घरं, घरटी साडेचार माणसं, माणशी १३५ लिटर: दिवसाला सुमारे २१,३०० लिटर. त्याचं ८० टक्के सांडपाणी, १७,००० लिटर. वरच्या झिरप चाचणीत काठावर असलेली जमीन एवढं पिणार नाही, हे तिथेच कळतं. बोअरवेलवर विसंबून असाल तर ८ तासांत तासाला २,७०० लिटर हवं, आणि तेही उन्हाळ्याच्या शेवटी. "तीन इंची पाणी लागलंय" ही क्षमता नव्हे. २४ तास एकाच वेगाने उपसा करून पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेळात वर येते, ते मोजा.

वीज: घरटी ५ किलोवॉट जोडभार, १७५. सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून निम्मा, ८७. त्याला ०.९ पॉवर फॅक्टरने भागलं की सुमारे ९७ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता याच एककात मोजतात), म्हणजे १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर अगदी काठावर येतो, वरचा आकार धरा. तो ठेवायची जागा आणि तिथवर ट्रक जाईल असा रस्ता हवा. उच्चदाब वाहिनीखालचा पट्टा किती सोडायचा हे व्होल्टेजवर ठरतं आणि वाहिनीवाल्यांकडून लेखी घ्यायचं. मनोऱ्यावरची पाटी वाचून स्वतः अंदाज करू नका.

सातबाजू

पोहोच रस्त्याचं मी सांगते. अग्निशमनाची गाडी जायला सलग ६ मीटर मोकळी रुंदी हवी. सलग म्हणजे मध्ये खांब, कोपरा, झाडाचा बुंधा नको. वळणाला साधारण ९ मीटर त्रिज्या. आतल्या टोकाला गाडी फिरवायला जागा. वाटेतली मोरी वजन पेलेल का, आणि वरून लोंबणाऱ्या तारा किती उंचीवर आहेत?

रस्ता आणि जमीन यांच्यामध्ये कधीकधी हातभर रुंदीची दुसऱ्याच्या नावावरची पट्टी असते. जागेवर काहीच दिसत नाही, गाड्या वर्षानुवर्षं जात असतात. हद्दीचे दगड आणि रस्त्याची कड एकाच मोजणीत दाखवून घेतली तरच ती सापडते. सापडली तर तो मालक काय मागेल ते आधी विचारा, सौदा नंतर.

जुन्या वापराचंही राहिलं. पेट्रोल साठा, रंगकाम, धातूला मुलामा देणं, कातडी कमावणं, कीटकनाशकांचं गोदाम असं काही होऊन गेलं असेल तर मातीची आणि भूजलाची रासायनिक तपासणी वेगळी सांगावी लागते. पायासाठीच्या नेहमीच्या अहवालात ती नसते. नेहमीच्या अहवालात सल्फेट आणि क्लोराइड मात्र मागून घ्या. सल्फेट जास्त असेल तर पायाच्या काँक्रीटचं सिमेंट बदलतं.

घाईत

एवढं सगळं करेपर्यंत जमीन दुसरा घेऊन जाईल की. व्यवहारात कोणी थांबतं का?

मोजपट्टी

थांबत नाहीत, म्हणूनच क्रम. पहिल्या दिवशी रस्त्याची रुंदी, मोरी, तारा, पुराच्या खुणा, जुनी उपग्रह चित्रं. वाईट जमिनी बऱ्याचदा इथेच गळतात. दुसऱ्या दिवशी जेसीबी आणि सहा-आठ खड्डे. भरणी आणि काळ्या मातीची जाडी संध्याकाळपर्यंत कळते. एवढ्यावर भाव बोलता येतो. लेव्हल, बोअर, झिरप चाचणी यांना दोन-तीन आठवडे लागतात. तेवढी मुदत विसारपावतीत लिहून घ्या आणि कोणत्या निकालावर विसार परत मिळेल तेही आकड्यांत लिहा. "माती योग्य असल्यास" असं मोघम नको. "पायायोग्य थर ३ मीटरच्या आत लागला नाही तर" असं. मालक यालाही तयार नसेल तर खड्डे घेऊ देतो का तेवढं विचारा. त्यालाही नाही म्हणाला तर मी पुढे जाणार नाही.

निचरा, तळ्याचा प्लॉट मान्य. ३५.

नवीन_गडी

मालक खड्ड्यांना तयार झालेत. भरणीची कड जुन्या चित्रावरून आखली, ती जागेच्या बरोबर मधून तिरकी जाते. खड्डे कुठे घेऊ? आणि नंतर बुजवायचे कसे?

मुरूमवाला

कडेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरवर जोडीने घ्या, अशा तीन जोड्या. म्हणजे चित्रातली कड खरी आहे का आणि भरणी एकदम खोल होते की हळूहळू, दोन्ही कळेल. एक खड्डा भरणीच्या सर्वांत खोल भागात, तिथे ३ मीटरवर न थांबता जेसीबीचा हात पोहोचेल तिथपर्यंत. एक पूर्ण मूळ जमिनीवर, तुलनेसाठी.

शक्यतो रस्ते आणि मोकळ्या जागेच्या पट्ट्यात घ्या, घराच्या पायाखाली नको. प्रत्येकाची जागा हद्दीच्या दोन दगडांपासून टेपने मोजून नकाशावर लिहा, कारण बुजवलेला खड्डा ही पुन्हा एक सुटी भरणीच. निघालेली माती थराथराने टाकून प्रत्येक थर बकेटने दाबायचा, वर थोडी उंच ठेवायची. पाणी लागलं असेल तर पातळी स्थिरावेपर्यंत एक रात्र उघडा ठेवा, भोवती पक्कं कुंपण घालून आणि राखणीला माणूस ठेवून.